भरलेली बाटली

मी भिलाई-३ मधून बोलतेय. आमच्या घराण्यासारखी बरीच मराठी कुटुंबं विदर्भातून इकडे आली, कुणी रेल्वेत, कुणी पोलाद कारखान्यात. येताना रक्तातून एक आजार घेऊन आलो. आमच्या छत्तीसगढी शेजाऱ्यांकडे तो आधीपासून होताच. सिकलसेल.

माझी भाची नववीत आहे. भाऊ आणि वहिनी दोघंही वाहक; अशा जोडप्याला प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. तिच्या वाट्याला आजार आला. दिसायला पोरगी धडधाकट, आणि तीच खरी अडचण आहे. हातात काठी नाही, पायाला प्लास्टर नाही. मग ‘जमत नाही’ म्हटलं की लोकांना नाटक वाटतं.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात. एरवी १२० दिवस टिकणारी पेशी १०-२० दिवसांत फुटते, म्हणून दोन जिने चढले की दम लागतो. बारीक रक्तवाहिनीत पेशी अडकल्या की हाडं अशी ठणकतात की माणूस रात्रभर कण्हतो. त्याला निमित्त पुरतं: ऊन, थंडी, धावपळ, पाणी कमी पडणं.

डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या. सोपं वाटतं ना? पण सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची ताकदही कमी होते. लघवीला सारखं जावं लागतं. आता वर्गात तिसऱ्यांदा हात वर करून बघा. मॅडम म्हणणार, “तुम्हारा ही क्यों बार-बार?” बाकीच्या मुली हसणार. चौदा वर्षांच्या मुलीनं यावर तोडगा काढला. पाणी प्यायचंच नाही! बाटली सकाळी भरून जायची आणि दुपारी तशीच परत यायची. आमच्यापैकी कुणी ती उचलून बघितली नाही. एप्रिलच्या उन्हात एक दिवस ती शाळेतच कळवळली. चार दिवस दवाखाना झाला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं त्यात लिहिलंय. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; तपासण्या होतात, कार्डं मिळतात. चांगलंच आहे. पण कार्ड फक्त आजार कोणता ते सांगतं. दिवसभरात अडतं कुठं, ते घरच्यांनाच सांगावं लागतं.

वहिनीनं शेवटी एका कागदावर लिहून नेलं. बाटली बाकावर राहील. बाथरूमला न विचारता जाईल. उन्हात पीटी नाही, सावलीत बसून गुण लिहील. ताप आला तर थांबायचं नाही, लगेच फोन. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, “पहले क्यों नहीं बताया?”

का नाही सांगितलं? मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचंय, चारचौघांत कळायला नको. हे मीच म्हणाले होते, मंडळी. आत्या ना मी. वहिनी तर पहिलीतच सांगायला निघाली होती, मी तिला अडवलं.

हल्ली बाटली रिकामी येते. परवा तर शाळेतून पुन्हा भरून प्यायली म्हणाली. महिन्यातून एखादा दिवस अजूनही अंथरुणात जातो, तो जाणारच. पीटीच्या तासाला कबड्डीचे गुण ती लिहिते, आणि मुली तिच्याशी भांडतात की आमचा एक गुण खाल्लास.