चिठ्ठी आधी वाचा



मी जन्मभर मुलांना सांगत आलो, "आधी नीट वाचा, मग लिहा." पण एकदा मी स्वतःच वाचले नाही. त्याची शिक्षाही मला झाली. तीच हकीगत आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटात कळ येऊ लागली. उजव्या बाजूला, बरगडीखाली. जेवण झाले की ती हटकून यायची. गावच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. त्यांनी चिठ्ठी दिली व म्हणाले, "मास्तर, तालुक्याला जाऊन सोनोग्राफी करून या." मी चिठ्ठी खिशात घातली. सकाळी दुधाचा चहा घेतला, दोन बटरं खाल्ली आणि पहिल्या एस.टी.ने निघालो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

"छे! नुसता चहा आणि दोन बटरं."

"मग आज नीट दिसायचं नाही. उद्या उपाशी पोटी या."

भाडे गेले, दिवस गेला. रात्री पुन्हा कळ आली. पत्नीने चिठ्ठी मागितली. ती साठीला आल्यावर प्रौढवर्गात वाचायला शिकली आहे. चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडून तिने वाचले : "आठ तास काही खाऊ नये." मग म्हणाली, "अहो, इथं तर लिहिलंय!" मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उपाशी गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता सारे समजावून सांगितले.

विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो. त्याला पडसाद म्हणतात. वटवाघूळ अंधारात पडसादावरच वाट काढते. सोनोग्राफीचे यंत्रही तेच करते. सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज माणसाला ऐकू येतो. या यंत्राच्या आवाजाची कंपने सेकंदाला लाखो असतात. म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. मुठीत मावेल असे एक साधन पोटावर फिरवतात. तेच आवाज सोडते आणि तेच पडसाद टिपते. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. पाणी आणि पित्त काळे दिसते. खडा पांढरा दिसतो व त्याच्यामागे काळी सावली पडते.

पूर्वी कारखान्यात लोखंडातली चीर शोधायला असाच आवाज वापरीत. ग्लासगो शहराच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी तो पोटाच्या तपासणीसाठी वापरला. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी ती माहिती छापली.

हवा या आवाजाला अडवते. म्हणून कातडीवर थंड, बुळबुळीत मलम लावतात. मग मध्ये हवा राहत नाही. पोटात वायू झाला तरी चित्र अडते. शिवाय खाल्ले की पित्ताची पिशवी आकसते. मग आतले खडे नीट दिसत नाहीत. माझा चहा नडला तो असा!

खालच्या पोटाची तपासणी असली तर बहुधा पाणी प्यायला सांगतात. तासभर आधी चार-पाच पेले पाणी प्यावे आणि तपासणी होईपर्यंत लघवीला जाऊ नये. भरलेली लघवीची पिशवी आतड्यांना बाजूला सारते. मग मागचे अवयव स्पष्ट दिसतात. मधुमेहाचे औषध चालू असेल, तर उपास करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जुने कागद असतील ते बरोबर न्यावेत.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. म्हणून गरोदर बाईचीही तपासणी करतात. पण पोटात मुलगा आहे की मुलगी, हे विचारू नये. १९९४ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी तपासणी करून घेणे आणि ते सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत.

माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. शस्त्रक्रिया झाली. आता भाकरी सुखाने पचते.

तेव्हा मंडळी, चिठ्ठी हातात आली की खिशात घालू नका. तिथेच वाचा. शब्द अडला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. वाचता येत असून न वाचणे, यात मात्र आहे. तो मी भोगला आहे.

एवढे बोलून मी थांबतो.