डायलिसिसनंतरचे तास
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही डायलिसिस विभागाचा हिशेब सादर करतो. यंत्रे किती, पाळ्या किती, सवलत किती. आजवर या हिशेबात न आलेली एक बाब आज आपणांपुढे ठेवावयाची आहे, ती म्हणजे रुग्णांचा थकवा.

आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, याप्रमाणे एका रुग्णाचे वर्षाला सुमारे ६२४ तास यंत्रावर जातात. आमच्या नोंदवहीत एवढेच तास येतात. त्यानंतर कोणी दोन तासांत सावरतो, कोणाला दुसरी सकाळ उजाडते. एका रुग्णाच्या पत्नीने आम्हांला विचारले, "रक्त शुद्ध झालं म्हणता, मग हे घरी आले की नुसते पडून का राहतात?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या डॉक्टरांनी ते समजावून दिले. निकामी मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक पुरेसे तयार करीत नाहीत, म्हणून रक्तक्षय होतो. दोन दिवसांत साठलेले पाणी चार तासांत काढताना अनेकांचा रक्तदाब उतरतो. अपुरी झोप, निकृष्ट पोषण व खचलेले मन यांची त्यात भर पडते. हा आळस नव्हे. रुग्ण, नातलग आणि तज्ज्ञ यांनी मिळून हीमोडायलिसिसच्या संशोधनासाठी जे चार प्रमुख निकष ठरविले, त्यांत मृत्यू व हृदयविकार यांच्या बरोबरीने थकव्यास स्थान आहे.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. शहरातील रुग्ण सकाळची पाळी आधी मागून घेत. दूरच्या गावांच्या वाट्यास सायंकाळची येई. शेवटची एस. टी. गाठण्यासाठी ते चक्कर येत असतानाही उठून निघत. आता सकाळची पाळी प्रथम त्यांना दिली जाते. शिवाय प्रत्येकास दर आठवड्याला एकच प्रश्न विचारून उत्तर नोंदवितो: "मागच्या डायलिसिसनंतर सावरायला किती वेळ लागला?" हा अवधी वाढू लागला की डॉक्टर हिमोग्लोबिन आणि काढावयाच्या पाण्याचे प्रमाण पुन्हा तपासतात.

यंत्रासाठी देणगी देणारे हात पुष्कळ आहेत; त्यांचे ऋण आम्ही विसरणार नाही. यंदाची विनंती मात्र साधी आहे. विभागालगत काही खाटांची विश्रांतीची खोली आणि आहारतज्ज्ञाचे मानधन, एवढेच. रुग्णाचे आयुष्य आपण वाढविले आहे. ते जगण्याचे बळही त्यास लाभावे, ही प्रार्थना.