हंसपदिकेचे गीत



नाणेघाटाच्या गुहेत यज्ञयागांचा आणि दक्षिणांचा जो दाखला नागनिका राणीच्या नावे ओळखला जातो, तो संस्कृतात नसून प्राकृतात कोरलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखही प्राकृतातलेच. त्याच कुळातील महाराष्ट्री ही पुढे संस्कृत नाटकांत स्त्रियांच्या गीतांची भाषा ठरली. नायिका बोलते शौरसेनीत, पण गाऊ लागली की महाराष्ट्रीत गाते. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या रहिवाशांनी ‘शाकुंतल’ परकेपणाने वाचू नये, असे मला मनापासून वाटते.

त्या नाटकाच्या पाचव्या अंकाच्या आरंभी दुष्यंताची राणी हंसपदिका पडद्याआडून गाते. नव्या मधाचा लोभी भ्रमर कमळात रमला आणि आंब्याच्या मोहोराला विसरला, अशी तिची तक्रार. दुष्यंत ती ऐकतो, वसुमती राणीपायी आपण हिची उपेक्षा केली याचाच हा ठपका आहे असे ताडतो, आणि तिची समजूत घालण्यास विदूषकाला रवाना करतो. परंतु पाठोपाठ, प्रियजनाचा विरह नसतानाही, त्याचे चित्त अकारण व्याकूळ होते. शापाने त्याची स्मृती हरपली आहे. प्रेक्षकांची मात्र शाबूत आहे. विसरलेला मोहोर म्हणजे शकुंतला, आणि ती आता राजद्वारी येऊन ठेपली आहे, हे ते जाणतात. गाणारीच्या मनात शकुंतला नाही, तरी गीतात ती आहे. प्रेमाच्या रूपकाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूपाशी संपत नाही, याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही. आनंदवर्धनाने ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, विवेचन करताना गाथासप्तशतीतील गोदातीरावरची गाथा उदाहरणादाखल घेतली, ती शब्दांपलीकडचा अर्थ सुचवण्याच्या सामर्थ्यासाठी.



तमाशा कलावंत विठाबाईंच्या नारायणगावात गवळण ऐकत आलेल्या प्रेक्षकाला हे मर्म शिकवावे लागत नाही. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो तेव्हा तंटा केवळ दह्यादुधाचा नसतो, हे शेवटच्या रांगेतला शेतकरीही ओळखतो, आणि त्याच शब्दांत शृंगाराबरोबर भक्तीही ऐकतो. या रसिकतेला ग्राम्य म्हणणे हा अन्याय आहे.

या तालुक्यांतील शिक्षकांना माझी विनंती अशी की, हा अंक शिकवताना अलंकाराचे नाव सांगून थांबू नये. ते गीत मूळ प्राकृतात मोठ्याने म्हणून दाखवावे, आणि राजाला काय उमगले व आपल्याला काय उमगले, हे मुलांनाच विचारावे.