पाझर तलावाला दार नसतं

बारामती-इंदापूर म्हटलं की डोळ्यांपुढे ऊस येतो. पण तो नीरा डाव्या कालव्याखालचा. सुपे-मोरगावचं शिवार किंवा इंदापूरचा कालव्यापासून दूरचा माळ मात्र जिरायती. पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, तोही लहरी. आप्पासाहेब पवारांनी 1971 साली बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान उभं केलं. त्याआधीच्या दुष्काळात मजुरीपोटी धान्य देऊन या जिरायती भागात पाझर तलाव बांधले गेले होते. अशा तलावाला ना कालवा, ना दार. पाणी मुरतं आणि खालच्या विहिरींत उतरतं. राबायचं सगळ्यांनी, विहीर भरते खालच्याची. गावकीची भांडणं इथेच! शिवाय पाणी अडवायचं काम माथ्यापासून हवं: आधी समतल चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नालाबांध. क्रम उलटा केलात, तर नालाबांध लवकरच गाळाने भरतो.