गंगूबाई : आपल्या दोन्ही भाषांची आज्जी
(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने यंदा विषय दिला ‘आज्जी’. आम्ही पडलो सरकारी नोकर, कागद हातात असल्याशिवाय बोलायची सवय नाही, म्हणून चार ओळी लिहून आणल्या आहेत. घरच्या आज्जीबद्दल प्रत्येकाकडे सांगण्यासारखं आहेच. आम्ही मात्र अशा एका आज्जीबद्दल बोलणार आहोत, जिला हुबळी-धारवाडची कानडी घरं आपली म्हणतात आणि मराठी घरंही आपलीच म्हणतात. गंगूबाई हनगल.

आमच्या लहानपणी धारवाड आकाशवाणीवर त्यांचं गाणं लागलं की नवखा पाहुणा हमखास विचारायचा, “हे बुवा कोण?” घरातली मोठी माणसं हसायची. तो भारदस्त आवाज जन्मापासूनचा नव्हता, बरं का. तरुणपणी ‘गांधारी हनगल’ या नावाने त्यांच्या एचएमव्हीच्या तबकड्या निघाल्या, जी. एन. जोशींबरोबर मराठी गाणीही ध्वनिमुद्रित झाली. त्यांतला आवाज उंच आणि नाजूक आहे. पुढे टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार बदलला. गाणाऱ्या बाईचा आवाज बदलणं म्हणजे सुताराच्या हातातली हत्यारं एका रात्रीत बदलणं. दुसरी कुणी असती तर गाणं सोडून घरी बसली असती. यांनी तोच आवाज घेऊन पुढची साठ-पासष्ट वर्षं गायली.

जन्म धारवाडचा, 5 मार्च 1913. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. राहणं शुक्रवार पेठेत, सगळा सोवळ्या-ओवळ्याचा शेजार. लहानपणी एकदा शेजारच्या सधन गृहस्थांच्या बागेतले आंबे काढले म्हणून त्यांना हाकललं गेलं. त्या पुढे सांगत, की आंबे चोरल्याचा राग कमीच होता. गाणाऱ्या बाईच्या मुलीने बागेत पाऊल ठेवलंच कसं, हा खरा राग. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे स्वागतगीत म्हणायला ही अकरा वर्षांची पोर गेली होती, आणि मनात धाकधूक कसली, तर आपल्याला जातीवरून उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना! मंडळी, बागेतून हाकलणारी माणसं काही परमुलखातून आलेली नव्हती. आपल्याच पेठांतली, आपल्यासारखाच गणपती बसवणारी होती. आज्जी सगळ्यांची लाडकी झाली ती नंतर. त्याच लोकांनी पुढे त्यांना सन्मानाने घरी जेवायला बोलावलं. बाईंनी हे सांगताना आवाज कधी चढवला नाही, पण सांगायचंही सोडलं नाही.

मुलीला हिंदुस्थानी संगीत शिकता यावं म्हणून 1928 मध्ये कुटुंब हुबळीला आलं. आपल्या कर्नाटकी गाण्याचा मुलीच्या तालमीवर परिणाम नको, म्हणून अंबाबाईंनी स्वतः गाणं थांबवलं. आम्हाला विचाराल तर या घराण्यातला पहिला मोठा त्याग हा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अंबाबाई 1932 मध्ये गेल्या. सोळाव्या वर्षी गंगूबाईंचा वकील गुरुराव कौलगी यांच्याबरोबर संसार सुरू झाला होता. मुलं झाली, आणि घर चालायचं ते बाईंच्या गाण्यावर.

आपली कलघटगी ओळखली जाते रंगीत लाकडी पाळण्यांसाठी, आपला तो ‘तोट्टिलु’. आज्जी म्हटलं की पाळण्याची दोरी हातात धरून बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे येते. ही आज्जी ऐन पंचविशीत, घरी लेकरं ठेवून, हुबळी स्टेशनावर कुंदगोळच्या गाडीची वाट पाहत उभी असायची.

कुंदगोळ तेव्हा जमखंडी संस्थानात. तिथले रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, आणि मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिका गाजवलेले नट. नाटक कंपनीची भ्रमंती सोडून ते गावी स्थिरावले, तेव्हा 1938 च्या सुमाराला बाईंची खरी तालीम सुरू झाली. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण ते बाईमाणसाने, तेही गाणं शिकायला कापायचं! रस्त्यात ‘गाणेवाली आली’ म्हणून हाका मारणारे होते. गुरुजी एकच पलटा मनासारखा उतरेपर्यंत घोटून घ्यायचे, पुढची जागा मागायची सोय नाही. संध्याकाळी स्टेशनापर्यंत सोबतीला गुरुगृही राहिलेला एक मुलगा यायचा आणि वाटेत विचारायचा, आज काय शिकवलं? तो मुलगा गदगचा भीमसेन जोशी. कुंदगोळच्या त्या रस्त्यावर भारताचं किती गाणं पायी चाललं असेल, याचा विचार आम्ही कितीदा तरी केला आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या गणेशोत्सवांतून त्यांचं नाव झालं. आपण आज जो उत्सव करतो आहोत, त्याच उत्सवाच्या मांडवांनी या कानडी बाईला मराठी श्रोता मिळवून दिला. पुण्यात गुरूंच्या नावाने भीमसेनजींनी सुरू केलेल्या महोत्सवात त्या वर्षानुवर्षं गायल्या. अमेरिका-युरोपही झालं. 1971 मध्ये पद्मभूषण, 2002 मध्ये पद्मविभूषण. आम्हाला मात्र पदकांपेक्षा एक गोष्ट जास्त वाटते. लेक कृष्णा त्यांच्या मागे बसून आयुष्यभर गायली. 2004 मध्ये कॅन्सरने ती गेली. आई तेव्हा एक्याण्णव वर्षांची. त्या वयात अशी पाठीमागची जागा रिकामी होणं काय असतं, ते इथल्या ज्येष्ठांना आम्ही सांगायला नको. बाई 2006 मध्ये पुन्हा गायला बसल्या. तेव्हा गाण्याच्या कारकिर्दीला पंचाहत्तर वर्षं झाली होती आणि ती त्यांची शेवटची मैफल ठरली.

21 जुलै 2009 रोजी हुबळीत त्या गेल्या. डोळे दान केले होते.

हुबळीला आपण बाजारहाटाला, दवाखान्याला जातोच. देशपांडेनगरात त्यांचं ‘गंगालहरी’ हे घर आहे, मुलांना एकदा बाहेरून तरी दाखवा. कुंदगोळला नाडगीर वाड्यात दरवर्षी सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ गाणं होतं. यंदा तिथे जायचा आमचा विचार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी विसर्जनाच्या आधी नावं द्यावीत. हुबळीपासून पुढे मोटार नको, रेल्वेनेच जाऊ.