मुलांचा चष्मा

खर्डी-कसाऱ्यामधल्या उंबरमाळीसारख्या गावात मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवू लागलं, तर त्याला रागावण्याआधी डोळे तपासून घ्या. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीसाठी शाळेत येतं, तेव्हा शाळा बुडू देऊ नका. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल आणि तो लहानपणीच कळला नाही, तर तो डोळा कायमचा मंद राहू शकतो. मुलीला चष्मा नको, हा विचार तर सोडूनच द्या.

भिंगं काचेची नकोत, पॉलिकार्बोनेटची घ्या. चेंडू लागला तरी ती सहसा फुटत नाहीत. फ्रेम मात्र वाढत्या अंगाची घेऊ नका. मुलाला मान खाली घालायला सांगा. चष्मा घसरला, तर ते भिंगावरूनच बघणार.

आणि सदऱ्याच्या टोकानं पुसणं बंद! धुळीचे कण घासून ओरखडे पडतात. आधी साध्या पाण्यानं धुवा, साबणाचा थेंब बोटानं हलकेच फिरवा, मग मऊ सुती कापडानं टिपा. चष्मा दोन्ही हातांनी काढायला शिकवा. एका हातानं ओढला की काड्या फाकतात. नंबर दरवर्षी तपासा.