पोंचपावतीवरील तारीख
(दुष्काळ निवारण समितीच्या सभेंत झालेलें भाषण)



आपलें द्रव्य भुकेल्या माणसापर्यंत पोंचलें काय, हें आपण जमाखर्चांत पाहतां. तें पाहावेंच. परंतु कचेरींत कोणत्या गोष्टीस शाबासकी मिळते व कोणत्या गोष्टीबद्दल बोलणीं खावीं लागतात, हें जमाखर्चांत लिहिलेलें नसतें; आणि काम चालतें तें बहुतेक त्याच धोरणानें.

सर रिचर्ड टेंपल यांचेंच पाहा. १८७३-७४ सालीं बंगाल-बिहारच्या दुष्काळांत त्यांनीं ब्रह्मदेशाहून विपुल तांदूळ आणविला; मृत्यु फार थोडे झाले. पण खर्च फार केला म्हणून त्यांजवर टीकेचा भडिमार झाला. तेच गृहस्थ १८७७ सालीं मद्रास व मुंबई इलाख्यांत आले, तेव्हां मजुराचें रोजचें धान्य त्यांनीं एका पौंडावर आणविलें व वर थोडे पैसे ठेविले. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनीं, श्रम करणारास एवढें पुरत नाहीं, अशी हरकत घेतली. मनुष्य तोच, त्यास मिळालेला धडा निराळा होता.

हें जुनें झालें, असें कोणी म्हणेल. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें काम मागणारास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, असें वचन दिलें. वचन उत्तम. पण पंधरा दिवस मोजावयाचे कोणत्या दिवसापासून? पोंचपावतीवरील तारखेपासून. ज्या कचेरींत तुंबलेले अर्ज म्हणजे कारकुनाचा गुन्हा, तेथें कारकून मागणी तोंडीं ऐकून घेतो, पावती देत नाहीं, आणि दप्तर स्वच्छ राहतें. जेथें तहसीलदार स्वतः अर्जांची वही मागवून, काम कां निघालें नाहीं हें बांधकाम, पाटबंधारे वा वन खात्यास विचारतो, तेथें तसलाच कारकून मुकाट्यानें तारीख घालतो. कायदा दोहींकडे एकच.

आमची समितीहि या दोषापासून मुक्त नाहीं. एका गांवची यादी फार लांब आली म्हणून आम्हीं स्वयंसेवकास बोल लाविला. पुढच्या आठवड्यांत यादी निम्मी झाली; भूक निम्मी झाली नव्हती. तें कळावयास आम्हांस दहा दिवस लागले.

यास्तव या हंगामीं आमची विनंति दुहेरी आहे. वर्गणींतून प्रत्येक आठवडेबाजारीं एक लेखनिक बसवूं द्यावा. तो अर्ज लिहून देईल व तारखेची पावती हातीं येईपर्यंत अर्जदाराबरोबर राहील. दुसरी विनंति बागाईतदार मंडळींस. सरकारी कामें निघालीं तर आपल्या शेतावर मजूर महाग होईल, ही आपली धास्ती आम्हांस ठाऊक आहे. तरीहि आपण तालुक्याच्या कचेरींत जाऊन शिल्लक अर्जांची संख्या विचारावी, आणि आकडा मोठा निघाल्यास कारकुनावर रागावूं नये. व्यापारी बंधूंनीं ज्वारी कोठें व केव्हां पोंचवावी, याचा तक्ता पुढील पानावर जोडला आहे.